वाचकांचे प्रश्न : फुस्तातची शेजारघरं

मार्चच्या अंकात मी कैरोच्या जुन्या फुस्तात भागातल्या बेन एझ्रा सिनेगॉगबद्दल, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाबद्दल, लिहिलं होतं. तो अंक ज्यांच्या हाती आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. देवाचं नाव असलेला कागद जाळायचा नाही, फेकायचा नाही, ही ज्यूंची जुनी रीत. असे कागद फुस्तातचे ज्यू सिनेगॉगच्या भिंतीत उंचावर असलेल्या भोकातून आतल्या बंद कोठडीत टाकून देत. हीच ती गेनिझा. शेकडो वर्षं हे चाललं आणि हळूहळू देवाचं नाव नसलेले कागदही तिथेच पडू लागले: घरच्या चिठ्ठ्या, लग्नाचे करार, दुकानाचे हिशेब, उधारीची तगादापत्रं, औषधांच्या याद्या. १८९६-९७च्या हिवाळ्यात सोलोमन शेख्टर या विद्वानाने त्यातला मोठा भाग केंब्रिजला नेला. एकट्या केंब्रिजमध्ये आज त्याचे सुमारे १,९३,००० तुकडे आहेत. व्यवहाराचे बरेचसे कागद इ.स. ९५० ते १२५० या काळातले, म्हणजे इजिप्तवर आधी फातिमी आणि मग अय्युबी राजवट होती तेव्हाचे आहेत.

त्या लेखावर भरपूर पत्रं आली. काही प्रेमाची होती, काही रागाची. मी अलिबागला इतिहास शिकवला आणि नोकरीच्या आधीपासून आजपर्यंत मोडी कागद वाचत आले. राजाच्या फर्मानात काय हुकूम आहे यापेक्षा शेजाऱ्याशी झालेल्या भांडणाच्या कागदात काय लिहिलंय, ते मी आधी बघते. म्हणून उत्तरंही शक्य तिथे कागदांतूनच देते आहे.

सांगलीहून एक निवृत्त तलाठी विचारतात : *मुसलमान, ख्रिस्ती आणि ज्यू एकाच शहरात राहत होते हे समजलं. पण वस्त्या वेगळ्याच असणार ना? आपल्याकडे आळ्या असतात तशा?*

तुम्ही तलाठी होतात, त्यामुळे हे उत्तर तुमच्या ओळखीच्या कागदातूनच देता येतं. घराच्या खरेदीखतात आपण चतुःसीमा लिहितो ना, पूर्वेला अमक्याचं घर, दक्षिणेला रस्ता वगैरे, तशा त्या फुस्तातच्या खरेदीखतांतही लिहिलेल्या असत. घर ज्यूचं, एका बाजूला मुसलमानाचं घर, दुसऱ्या बाजूला ख्रिस्ती माणसाचं, अशा नोंदी त्यांत पुन्हा पुन्हा येतात. घराचे चोवीस हिस्से धरायचे आणि त्यातले काही विकायचे, अशी तिथली पद्धत होती. त्यामुळे एकाच घरात वेगवेगळ्या धर्मांचे हिस्सेदार होऊ शकत आणि होतही. सिनेगॉगच्या आसपास ज्यूंची दाटी होती हे खरं. तो भाग जुन्या रोमन किल्ल्याच्या आवारातला. तिथेच कॉप्टिक ख्रिस्ती लोकांची झुलतं चर्च म्हणून प्रसिद्ध असलेलं अल-मुअल्लका आणि अबू सर्गा ही जुनी चर्चं आहेत, आणि थोडं चालून गेलं की अम्र इब्न अल-आसची मशीद लागते. मी तिथे गेले तेव्हा हे अंतर पायीच काटलं. उन्हातही फार वेळ लागला नाही. पण तटबंदीच्या आत कोंडलेली आणि रात्री दार बंद होणारी ज्यूंची सक्तीची वस्ती, जी पुढे युरोपातल्या शहरांत झाली, ती फुस्तातला नव्हती.

धंद्यातलं सांगितल्याशिवाय हे उत्तर पुरं होणार नाही. बाराव्या शतकातले ज्यू धर्मशास्त्री मूसा बिन मैमून, ज्यांना युरोप मायमोनिडीस म्हणतो, त्यांच्याकडे लोक शास्त्रार्थ विचारायला येत. एक प्रश्न असा आला: एका कारखान्यात काही भागीदार ज्यू आहेत, काही मुसलमान. एका ठिकाणी काम सोनाराचं आहे, दुसऱ्या ठिकाणी काचेचं. हत्यारं सगळ्यांच्या मालकीची. भागीदारांनी आपसांत ठरवलंय की शुक्रवारचा नफा ज्यूंनी घ्यायचा आणि शनिवारचा मुसलमानांनी. हे चालेल का? मायमोनिडीस म्हणाले, चालेल. शनिवारच्या कमाईत ज्यूने हिस्सा घेऊ नये एवढंच बघा, म्हणजे झालं.

हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. त्यात कोणी कोणाची स्तुती करत नाही, धर्मांच्या ऐक्याबद्दल एक अक्षर नाही. प्रत्येकाने आपापला पवित्र दिवस पाळायचा आणि भट्टी मात्र एकच, ही सोय कारागिरांनी आपसांत बसून लावली. शास्त्र्याला त्यांनी नंतर विचारलं!

समुद्रावरच्या व्यापारातही हेच दिसतं. ज्यू व्यापारी आपला माल मुसलमान मालकांच्या जहाजांवर चढवत. लेबननच्या किनाऱ्यावरच्या सूर शहराचा काझी इब्न अबी अकील स्वतः जहाजांचा मालक होता आणि त्याच्या जहाजांचा उल्लेख ज्यू व्यापाऱ्यांच्या पत्रांत येतो. शहराचा न्यायाधीश आणि जहाजमालक एकच असला की माल सुरक्षित पोचेल, असा व्यापाऱ्याचा हिशेब असणार.

पुण्याहून एका वाचकांनी जरा कडक शब्दांत लिहिलं आहे : *आपला लेख वाचून वाटतं की सगळं गोडीगुलाबीने चाललं होतं. जिझिया कुठे गेला? चर्च पाडली ती कुठे गेली? इतिहास अर्धाच सांगू नये.*

इतिहास अर्धा सांगू नये हे मला पूर्ण मान्य आहे. मार्चच्या लेखाचा विषय गेनिझा कशी सापडली एवढाच होता. आता तुमच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर देते.

आधी कायदा. ज्यू आणि ख्रिस्ती हे 'झिम्मी', म्हणजे राज्याच्या संरक्षणातली प्रजा. त्यांचा जीव, मालमत्ता आणि पूजा सुरक्षित, बदल्यात प्रौढ पुरुषाने जिझिया हा डोईकर भरायचा आणि कमी दर्जा मान्य करायचा. शस्त्र बाळगायचं नाही, नवं प्रार्थनास्थळ बांधायचं नाही, पोशाख वेगळा ठेवायचा, मुसलमानाविरुद्ध साक्ष चालायची नाही, अशी बंधनं कायद्याच्या पुस्तकांत आहेत. ही समानता नव्हे. तशी ती होती असं कोणी म्हणत असेल तर त्यांनी गेनिझातली गरिबांची पत्रं वाचावीत.

जिझियाच्या तीन पायऱ्या होत्या. सगळ्यात खालच्या पायरीवरच्या माणसालाही वर्षाला सुमारे दीड दिनार भरावा लागे. साध्या कुटुंबाचा महिन्याचा खर्च दोन दिनारांत भागायचा, त्या काळातली ही गोष्ट. म्हणजे ज्याच्याकडे काहीच शिल्लक राहत नाही अशा मजुराला जवळजवळ महिनाभराची कमाई कराला द्यावी लागे. श्रीमंत व्यापाऱ्याला त्याची झळ नव्हती. गरीब मात्र वसुलीवाल्याच्या भीतीने घराबाहेर पडत नसे. तुरुंगाच्या धास्तीने कुणी लपून बसलाय, कुणी बायकोमुलांना टाकून दुसऱ्या गावी पळालाय, कुणी सिनेगॉगकडे हात पसरतोय, हे सगळं त्या पत्रांत आहे. परगावी जाताना कर भरल्याची पावती जवळ ठेवावी लागे. ती नसली तर रस्त्यात अडवत. ज्यू समाज वर्गणी काढून गरिबांचा जिझिया भरे, कारण कैद्याला सोडवणं जसं पुण्याचं तसंच हे मानलं जाई.

आता चर्च पाडल्याचं. फातिमी खलिफा अल-हाकिम याने १००९ मध्ये जेरुसलेममधलं येशूच्या कबरीवरचं चर्च पाडायला लावलं. इजिप्तमध्येही चर्च आणि सिनेगॉग पडली, फुस्तातचं बेन एझ्रादेखील. ज्यू आणि ख्रिस्ती लोकांना काळे कपडे आणि गळ्यात जड खुणा घालायची सक्ती झाली. अनेकांनी धर्म बदलला. हे सगळं झालंय, आणि त्यावर पांघरूण घालणाऱ्याशी मी वाद घालते.

पण त्याच अल-हाकिमचा आणखी एक कागद आहे, तोही वाचा. १०११च्या अखेरीस फुस्तातला एका ज्यू माणसाची अंत्ययात्रा निघाली होती. जमावाने तिच्यावर हल्ला केला, खोटे आरोप झाले आणि तेवीस ज्यूंना पकडण्यात आलं. ते मरणाच्या दारात होते. ज्यूंनी खलिफाच्या वाड्याशी जाऊन आक्रोश केला. अल-हाकिमने चौकशी लावली, साक्षी खोट्या ठरल्या आणि सगळ्यांना सोडून दिलं. ज्यूंनी या सुटकेची हकिगत हिब्रूत लिहून ठेवली. तिच्यात अल-हाकिमला न्यायी राजा म्हटलं आहे. पुढे त्याच समाजाचं सिनेगॉग त्याच्याच हुकमाने पडलं. आणि त्यानंतर, १०२१ मध्ये तो नाहीसा होण्याच्या आधी, सक्तीने मुसलमान झालेल्यांना आपल्या धर्मात परतायची मुभाही त्यानेच दिली. पाडलेली प्रार्थनास्थळं पुन्हा उभी राहिली. गेनिझाची कोठडी ज्या इमारतीत होती ती या पुनर्बांधणीनंतरचीच.

त्याचा जाच फक्त इतर धर्मीयांनाच झाला असंही नाही. फातिमी हे इस्माइली शिया आणि इजिप्तची मुसलमान प्रजा बहुतांशी सुन्नी. सुन्नींना पूज्य असलेल्या पहिल्या खलिफांच्या नावाने शिव्याशाप अल-हाकिमने मशिदींच्या भिंतींवर लिहायला लावले आणि पुढे स्वतःच ते पुसायला लावले. याउलट त्याचे वडील अल-अझीझ यांच्या जनान्यात एक ख्रिस्ती स्त्री होती आणि तिचे भाऊ चर्चच्या मोठ्या पदांवर बसले होते. इसा इब्न नस्तूरस हा ख्रिस्ती माणूस अल-अझीझचा वझीर होता. ११३५ ते ११३७ या काळात तर बहराम नावाचा आर्मेनियन ख्रिस्ती फातिमींचा वझीर होता. त्याच्याविरुद्ध मुसलमान फौजेचा उठाव झाला, त्याला पद सोडावं लागलं, आणि शेवटी तो मठात राहिला.

यामागची कारणं फारशी गूढ नाहीत. राज्यकर्ते स्वतःच अल्पसंख्य पंथाचे, त्यामुळे सुन्नी उमरावांवर त्यांचा पूर्ण विश्वास नव्हता. शेतसाऱ्याचं दप्तर पिढ्यान्पिढ्या कॉप्टिक कारकुनांच्या हातात होतं. नाईलचा पूर, पेरणी आणि सारा कॉप्टिक महिन्यांनुसार चालायचा, हिजरी महिन्यांनुसार चालूच शकत नव्हता, कारण चांद्र वर्ष दरसाल अकरा दिवस मागे सरकतं. ज्याला जमिनीचा हिशेब येतो त्याला नोकरी मिळणार. आणि ज्याला मोठी नोकरी मिळाली त्याच्याविरुद्ध कुरबुर होणार, आणि राजा कमजोर झाला की त्या कुरबुरीचा दंगा होणार.

तुमचा रोख असा दिसतो की सहिष्णू की जुलमी, एकदाचं काय ते सांगा. तीनशे वर्षांच्या शहराला असा एक शिक्का मारणं मला बरोबर वाटत नाही. कोणत्या वर्षी, कोणत्या वर्गाला, कोणाच्या हाताखाली, हे विचारलं की कागद बोलतात. मघरिब (वायव्य आफ्रिका) आणि अंदलुसमध्ये (मुसलमानी स्पेन) अलमोहाद हे कडवं मुसलमान घराणं सत्तेवर आलं तेव्हा त्यांनी झिम्मींचं संरक्षणच काढून घेतलं. मायमोनिडीसच्या घराण्याला ११४८ नंतर कोर्दोबा सोडावं लागलं ते त्यामुळे. आणि ते पळून अखेर आसऱ्याला कुठे आले? दुसऱ्या मुसलमान राज्यात, फुस्तातला. पुढे अय्युबींनंतर आलेल्या ममलूक सुलतानांच्या काळात, १३०१ मध्ये, इजिप्तच्या ख्रिस्ती लोकांना निळा आणि ज्यूंना पिवळा फेटा सक्तीचा झाला. म्हणजे चढउतार कायम होते, आणि तेराव्या शतकानंतर उतारच जास्त.

नाशिकहून एक डॉक्टर : *ज्यू माणूस मुसलमान सुलतानाचा वैद्य कसा? त्याच्यावर विश्वास कसा ठेवत?*

वैद्यकी ही सगळ्यांची मिळून एक विद्या होती, म्हणून. ग्रीक वैद्यकाचे ग्रंथ बगदादला मुख्यतः ख्रिस्ती पंडितांनी अरबीत आणले, मुसलमान वैद्यांनी त्यांत भर घातली, आणि ज्यू, ख्रिस्ती, मुसलमान विद्यार्थी तीच पुस्तकं वाचत. तेव्हा शिक्षकाचा धर्म कोणता हे विद्यार्थ्याला फारसं महत्त्वाचं नव्हतं.

मायमोनिडीस आधी अय्युबी सुलतान सलाहुद्दीनचा मंत्री अल-काझी अल-फाझिल याच्या आश्रयाला होते, मग सुलतानाच्या घराण्याचे वैद्य झाले. तुम्ही डॉक्टर आहात म्हणून त्यांनी ११९९ मध्ये लिहिलेलं एक पत्र तुम्हाला सांगावंसं वाटतं. फ्रान्समधले शमुएल इब्न तिब्बोन त्यांचा अरबी ग्रंथ हिब्रूत आणत होते आणि त्यांना भेटायला यायचं म्हणत होते. मायमोनिडीसनी कळवलं की या, पण माझ्याशी एकांतात बोलायला वेळ मिळेल अशी आशा ठेवू नका. आणि मग आपला दिवसच लिहून पाठवला. मी फुस्तातला राहतो, सुलतान कैरोत. रोज सकाळी लवकर त्याच्याकडे जावं लागतं. तो, त्याची मुलं किंवा जनान्यातलं कोणी आजारी असेल तर दिवसाचा बहुतेक वेळ वाड्यातच जातो. एखादा-दुसरा अधिकारीही आजारी असतोच. काही नसलं तरी दुपार उलटल्याशिवाय घरी येत नाही. येतो तो भुकेने मरायला टेकलेला. ओसरी माणसांनी भरलेली असते: ज्यू आणि इतर धर्मांचे, थोर आणि सामान्य, न्यायाधीश आणि शिपाई, मित्र आणि शत्रू. जनावरावरून उतरतो, हात धुतो आणि हात जोडून त्यांना सांगतो, दोन घास खाईपर्यंत थांबा. चोवीस तासांत तेवढंच एक जेवण. मग रात्र पडेपर्यंत रोगी तपासतो, औषधं लिहून देतो. थकून आडवा पडून बोलतो. शेवटी बोलायचंही त्राण उरत नाही.

बाह्य रुग्ण विभाग चालवणाऱ्या कोणालाही हे पत्र आपलंच वाटेल. पण मला त्यातला 'न्यायाधीश' हा शब्द थांबवतो. कायद्याच्या पुस्तकात ज्यूची साक्ष मुसलमानाविरुद्ध चालत नव्हती, आणि इकडे न्यायाधीश ज्यू वैद्याच्या ओसरीवर, तो जेवून येईपर्यंत थांबलेला. आणि त्याच पत्रात ते तिब्बोनना सांगतात की तर्कशास्त्र शिकायचं तर अल-फाराबी वाचा. अल-फाराबी मुसलमान.

त्यांचा मुलगा अब्राहमही वैद्यच. कैरोच्या रुग्णालयात तो नोकरीला असताना वैद्यांची चरित्रं लिहिणारा मुसलमान लेखक इब्न अबी उसैबिआ त्याला तिथेच भेटला. उंच, सडपातळ, बोलण्यात गोड, असं त्याने अब्राहमचं वर्णन करून ठेवलं आहे.

अहिल्यानगरहून एक वाचक : *एकमेकांच्या उपासनेचा परिणाम होत असे का? आपल्याकडे श्रीगोंद्याचे शेख महंमद झाले, तसं काही?*

झाला, आणि आत्ताच ज्याचं नाव घेतलं त्या अब्राहमवरच. वडिलांनंतर तो इजिप्तच्या ज्यूंचा प्रमुख झाला. त्याच्या भोवती एक भाविक मंडळी जमली होती. रात्रभर जागरण, उपास, एकांतवास, प्रार्थनेत गुडघे टेकणं, साष्टांग नमन, प्रार्थनेआधी पाय धुणं, हे त्यांचे आचार. सूफींचं अनुकरण आहे हे उघड होतं, आणि अब्राहमने ते लपवलं नाही. त्याने लिहिलं की आमच्या जुन्या संदेष्ट्यांच्या ज्या चाली आम्ही विसरलो त्या सूफींनी जपून ठेवल्या, त्या आपण परत घ्यायला हव्यात.

ज्यूंमधल्या विरोधकांना हे सहन झालं नाही. आणि त्यांनी काय केलं, तर सुलतान अल-आदिलकडे अर्ज गेला की आमचा प्रमुख आमच्या धर्मात नवीन चाली घुसवतो आहे! ज्यूंनी सूफींसारखं नमन करू नये म्हणून ज्यूंनीच मुसलमान सुलतानाला गळ घातली. अब्राहमच्या बाजूनेही सुमारे दोनशे सह्यांचं निवेदन गेलं, आणि त्याचं म्हणणं असं की हे आम्ही आपापल्या खासगी प्रार्थनेत करतो, कोणावर लादत नाही. शेख महंमदांचा प्रवाह आपल्याकडे टिकला, लोक त्यांचे अभंग म्हणत राहिले. अब्राहमची भाविक मंडळी मात्र काही पिढ्यांत विरून गेली.

सोलापूरहून एक वकील ताई : *ज्यूंचं न्यायालय वेगळं होतं का? बायकांना कुठे न्याय मिळे?*

वेगळं होतं. लग्न, घटस्फोट, वारसा, आपसातली देणीघेणी हे ज्यूंच्या आपल्या न्यायालयात. पण काझीचं दार कोणालाही बंद नव्हतं आणि लोक बिनदिक्कत तिकडे जात. ज्यू कायद्यात मुलगे असले तर मुलीला बापाच्या इस्टेटीत वारसाहक्क नाही. इस्लामी कायद्यात तिला मुलाच्या निम्मा वाटा आहे. त्यामुळे 'मी काझीकडे जाईन' एवढं म्हटलं तरी भावांवर वचक बसे, आणि काही बायका खरोखरच गेल्या. मोठे व्यवहार दोन्हीकडे नोंदवून ठेवण्याचीही पद्धत होती, म्हणजे उद्या कुठेही वाद झाला तरी कागद हाताशी. ज्यू पुढारी यावर चिडत आणि काझीकडे जाणाऱ्यांना बहिष्काराची धमकी देत. पण ज्या बाईला वाटा हवाय ती कुठल्या न्यायालयात जाईल, हे मी तुम्हाला काय सांगायचं!

मुरुडहून एक विद्यार्थिनी दोन प्रश्न विचारते : *सण एकत्र साजरे होत का? आणि या सगळ्याचा आपल्या कोकणाशी काही संबंध आहे का?*

बाळ, दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच माणसापाशी सापडतात. बगदादचा अल-मसूदी हा प्रवासी आणि इतिहासकार. हिजरी ३३०च्या हिवाळ्यात, म्हणजे इ.स. ९४२च्या सुमाराला, तो फुस्तातला होता. गितास, म्हणजे येशूच्या बाप्तिस्म्याचा सण, त्याने डोळ्यांनी पाहिला. त्या रात्री इजिप्तचा मुसलमान सुभेदार इख्शीद याने बेटावरच्या वाड्याजवळ एक हजार मशाली पेटवायला सांगितल्या होत्या, शिवाय लोकांच्या आपल्या वेगळ्या. नाईलच्या काठावर मुसलमान आणि ख्रिस्ती लाखोंनी जमले. कोणी होड्यांत, कोणी काठावर. उत्तम कपडे, सोन्याचांदीची भांडी, गाणंबजावणं, खाणंपिणं, आणि त्या रात्री गल्ल्यांची दारं बंद करत नसत. बरेच जण पाण्यात डुबकी घेत, कारण त्याने वर्षभर आजार होत नाही अशी श्रद्धा. अल-हाकिमने पुढे हा सण बंद पाडला. त्याचा मुलगा अझ-झाहिर बायकामुलांसह सण बघायला आला, पण नदीत उतरताना मुसलमानांनी ख्रिस्ती लोकांत मिसळू नये अशी दवंडीही त्याच्याच वेळी पिटली गेली. दवंडी पिटावी लागली, यावरून लोक मिसळत होते हे कळतंच.

हाच अल-मसूदी तरुणपणी, ९१६च्या सुमाराला, तुझ्या गावापासून फार लांब नसलेल्या चौलला येऊन गेला. तो चौलला सैमूर म्हणतो. तेव्हा राज्य राष्ट्रकूटांच्या मांडलिक शिलाहारांचं, राजा झंझ. अल-मसूदी लिहितो की तिथे दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहतात: सिराफचे, ओमानचे, बसऱ्याचे, बगदादचे, आणि इथेच जन्मलेलेही. त्यांचे आपसातले व्यवहार बघायला त्यांच्यातलाच एक प्रमुख माणूस राजा नेमतो. त्याला 'हुनरमन' म्हणत. म्हणजे फुस्तातला खलिफाच्या हाताखाली ज्यूंचा प्रमुख आणि चौलला शिलाहारांच्या हाताखाली मुसलमानांचा प्रमुख, रचना एकाच जातीची. अरबी समुद्राच्या दोन्ही काठांवरच्या राजांनी व्यापारी टिकवायचा एकच उपाय शोधला होता. तुला यात आणखी शिरायचं असेल तर पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीला सापडलेला ९२६चा ताम्रपट बघ. राष्ट्रकूटांनी संजाणचा कारभार मधुमती नावाच्या ताजिकाकडे, म्हणजे मुहम्मद नावाच्या अरबाकडे दिला होता. त्याच्या संमतीने देवीच्या मठिकेला जमीन मिळाली, असं त्यात आहे.

आणि गेनिझातलं एक पत्र आपल्या समुद्राचं आहे. मायमोनिडीसचा धाकटा भाऊ दाविद जवाहिऱ्याचा धंदा करायचा. घर त्याच्या कमाईवर चालायचं, थोरला अभ्यास करायचा. ११७०च्या आसपास दाविद तांबड्या समुद्रावरच्या ऐधाब बंदरातून भावाला लिहितो. वाळवंटातून येताना तो आणि एक सोबती काफिल्यापासून वेगळे पडले आणि एकटेच चालत बंदराला पोचले. मागून आलेला काफिला वाटेत लुटला गेला, काही माणसं तहानेने मेली, हे त्यांना नंतर कळलं. ऐधाबच्या बाजारात निळीशिवाय घेण्याजोगं काही नव्हतं म्हणून तो हिंदुस्थानात यायला निघाला. काळजी करू नका, माझ्या बायकोला आणि बहिणीला धीर द्या, असं पत्रात पुन्हा पुन्हा आहे. तो पोचला नाही. जहाज बुडालं, त्याच्याबरोबर घरचे आणि दुसऱ्यांचे पैसेही गेले. मायमोनिडीस वर्षभर अंथरुणाला खिळले. आठ वर्षांनी त्यांनी एका स्नेह्याला लिहिलं की त्याचं अक्षर दिसलं की माझं काळीज अजून पिळवटतं. दरबारची वैद्यकी त्यांना करावी लागली ती मुख्यतः या बुडालेल्या जहाजामुळे, असं मला वाटतं. नाहीतर ओसरीवरच्या त्या न्यायाधीशाला त्यांनी तपासलंही नसतं.

बऱ्याच वाचकांनी विचारलं आहे : *हे कागद बघायला केंब्रिजला जावं लागतं का?*

नाही. केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयाने त्यांच्या प्रतिमा इंटरनेटवर मोफत ठेवल्या आहेत. दाविदचं पत्रही त्यांत आहे. बहुतेक पत्रांची भाषा अरबी आणि लिपी हिब्रू, त्यामुळे वाचता येणार नाहीत, पण बऱ्याच कागदांची इंग्रजी भाषांतरं झाली आहेत. ज्यांना मोडी येतं त्यांनी मूळ कागद जरूर बघावेत. ओळ संपत आली की अक्षरं दाटून लिहिणं, समासात उभं लिहून मजकूर पुरा करणं, एकाच कागदाची पाठपोट दोनदा वापरणं, हे तुम्हाला ओळखीचं वाटेल. पुढच्या अंकात येमेनच्या ज्यूंबद्दल आलेले प्रश्न घेते. त्या विषयावर ज्यांना लिहायचंय त्यांनी पत्रं लवकर पाठवावीत.